पाचवा रकाना

मी चौतीस वर्षं पोलिसात होतो आणि त्यातली सव्वीस वर्षं नुसती लिहिण्यात गेली. पोलीस म्हटलं की लोकांना काठी दिसते. माझ्या हातात काठी यायची ती फक्त गणपती-मोहरमच्या बंदोबस्तात. एरवी मी ठाण्याचा रायटर. फिर्याद लिहायची, पंचनामा लिहायचा, आरोपीला कोर्टात न्यायचे कागद तयार करायचे आणि ठाणेदार साहेबांनी जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवायची. साहेब लोक वाचत नाहीत, फुली शोधतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांना वाचावं लागू नये, यातच माझी पत होती.

मूळचा मी देऊळगाव राजाकडचा. नोकरीची शेवटची सात वर्षं मात्र जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहान ठाण्यात गेली. ठाण्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथले लोक माझं बोलणं ऐकून मला मराठवाड्यातला समजायचे आणि हसायचे. मी त्यांच्या 'मले-तुले'ला हसायचो. एवढंच काय ते आमचं मनोरंजन.

लोकांच्या टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो असतो. माझ्या काचेखाली एक तक्ता होता. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या शेवटी एक लांबलचक परिशिष्ट असायचं, त्यातला. कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, खटला कोणत्या कोर्टात, असे सहा रकाने. दखलपात्र म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस माणसाला धरू शकतात. अदखलपात्र असेल तर नाही. जामीनपात्र म्हणजे जामीन हा त्याचा हक्क, ठाण्यातच कागद करायचा आणि घरी सोडायचं. अजामीनपात्र म्हणजे कोर्ट म्हणेल तेव्हा. हा पाचवा रकाना. ठाण्यात आणलेला माणूस आज घरी जेवेल की नाही, ते त्या एका रकान्यात लिहिलेलं असायचं.

दिल्लीनं हजार विषयांवर कायदे केलेत. त्यांतले सगळे गुन्हे काही त्या तक्त्यात मावत नव्हते. म्हणून परिशिष्टाच्या अगदी शेवटी इतर कायद्यांसाठी फक्त तीन ओळी होत्या. शिक्षा सात वर्षांच्या वर असेल तर सेशन कोर्ट, जामीन नाही. तीन ते सात वर्षं असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र. तीनच्या आत किंवा नुसता दंड असेल तर अदखलपात्र, जामीनपात्र. तिथं रकाने कमी होते, पण सवयीनं मी त्यालाही पाचवा रकानाच म्हणायचो. नवे शिपाई विचारायला आले की मी म्हणायचो, गुन्हा काय केला ते नंतर बघा, आधी शिक्षा किती ते बघा. तीन वर्षं ही रेघ. रेघेच्या अलीकडचा माणूस घरी, पलीकडचा कोठडीत. हे सांगताना मला फार शहाणं वाटायचं. आता त्याची लाज वाटते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक रायटरकडे नमुन्यांची वही असते. जुना रायटर बदलून जाताना नव्याला ती उतरवून घेऊ देतो. विहिरीवरची मोटर चोरीला गेली, त्याचा नमुना. दारूचा छापा, त्याचा नमुना. बैल चोरीचा वेगळा, मोटारसायकलचा वेगळा. नावगाव, तारीख, वेळ कोरी ठेवलेली, बाकी सगळी फिर्याद तयार. नवा गुन्हा आला की नमुना काढायचा आणि कोऱ्या जागा भरायच्या. कॉम्प्युटर आला तेव्हा माझं वळणदार अक्षर वाया गेलं, पण वही वाया गेली नाही. तिची फाईल झाली. त्या भागात सगळ्यात जास्त वेळा उघडला जाणारा नमुना विषारी औषध पिऊन मेलेल्या माणसाच्या मर्गाचा, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा होता. पावसाळा संपता संपता तो इतक्यांदा काढावा लागे की कोऱ्या जागा भरताना मी वर बघतही नसे.

कापसाचं तेव्हा वाईट चाललं होतं. बीटी आलं तेव्हा बोंडअळीच्या फवारण्या वाचल्या म्हणून माणसं खूश होती. मग गुलाबी अळी त्याच बोंडात जाऊन बसायला लागली आणि फवारण्या परत सुरू झाल्या. दुसरीकडे निंदणाला बाया मिळेनात. पाऊस लागून राहिला की आठ दिवसांत तण कापसाच्या वर. अशात बाहेरच्या राज्यातून एक बियाणं यायला लागलं. त्याच्या झाडावर तणनाशक मारलं तरी झाड मरत नाही, नुसतं तण मरतं. सरकारनं त्याला परवानगी दिलेली नव्हती. लोक त्याला चोर बीटी म्हणायचे आणि उघड पेरायचे.

त्या पाकिटाकडे दिल्लीचे दोन कायदे दोन नजरांनी बघायचे. बियाण्याच्या कायद्याला त्यात दिसायचं बिनालेबलचं, बिनापरवान्याचं बियाणं. पहिल्या वेळी शिक्षा पाचशे रुपयांपर्यंत दंड. पर्यावरणाच्या कायद्याला त्याच पाकिटात निसर्गाला धोका दिसायचा आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. पाकीट तेच. एका कलमानं ते रेघेच्या अलीकडे पडायचं, दुसऱ्यानं पलीकडे.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या हद्दीत एका गोदामावर छापा पडला होता. हजारोंनी पाकिटं, ट्रक, फरार मालक. त्या गुन्ह्याला पर्यावरणाचं कलम लागलं आणि ते लागायलाच हवं होतं. मी मन लावून फिर्याद लिहिली आणि ती चांगली उतरली म्हणून नावगाव पुसून नमुन्यांत ठेवून दिली. फाईलचं नाव 'बियाणे'.

पुढं तीनेक आठवड्यांनी, शुक्रवारच्या बाजारात, तालुक्याच्या कृषी अधिकारी बाईंनी आणि आमच्या दोन शिपायांनी मिळून बियाणं विकणाऱ्या एकाला पकडायचा बेत केला. विकणारा गर्दीत पळाला. हाती लागला तो नुकताच त्याच्याकडून पाकिटं घेऊन निघालेला एक म्हातारा. कापडी पिशवीत सहा पाकिटं. दोन स्वतःच्या शेताला, चार शेजाऱ्यांनी आणायला सांगितलेली. शेजाऱ्यांसाठी आणली म्हणजे विक्रीसाठी बाळगली, असं धरून त्याला ठाण्यात आणलं.

मी त्याला ओळखत होतो. सगळेच ओळखायचे. तो तिथल्या सरकारी दवाखान्यात शिपाई होता. वय साठीला टेकलेलं, सप्टेंबरअखेर रिटायर होणार होता. लोक त्याला दवाखान्यातले भाऊ म्हणायचे. कोणाचं प्रेत तपासणीला नेलं की दार उघडायला, स्ट्रेचर धरायला तोच असायचा, आणि पंचनामा लिहिताना मला बसायला स्टूल आणून द्यायचा. पाणीही न मागता आणायचा.

कृषी अधिकारी बाई नव्या होत्या. त्यांनी हातानं लिहून आणलेल्या तक्रारीत फक्त बियाण्याच्या कायद्याची कलमं होती. त्यांना शेवटची बस गाठायची होती. मी म्हणालो, तुम्ही बसा, पाच मिनिटांत करतो. 'बियाणे' नावाची फाईल उघडली, नाव बदललं, गाव बदललं, गोदामाच्या जागी बाजार घातला, हजारोंच्या जागी सहा. कलमांच्या ओळीकडे मी पाहिलंच नाही. ती ओळ कोऱ्या जागांत नव्हती. बाईंनी घाईत सही केली. साहेबांनी फुलीवर सही केली. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यातही अटक न करता नुसती नोटीस देऊन माणूस सोडता येतो, पण साहेबांना अटक हवी होती, कारण गोदामाचा मालक मिळत नव्हता आणि वरून विचारणा होत होती. अटक का गरजेची याचा एक छापील कागद भरावा लागतो. त्यात मी नेहमीप्रमाणे 'पुरावा नष्ट करण्याची शक्यता' यापुढं खूण केली. पुरावा आमच्याच टेबलावर पडला होता. पेपरवाल्याला फोटो हवा होता. सहा पाकिटं आडवी मांडली तर टेबल रिकामं दिसत होतं, म्हणून मी ती उभी करून ठेवली.

अटकेची वेळ लिहिली, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं.

अटक हा शब्द ऐकल्यावर म्हाताऱ्यानं मला जवळ बोलावलं आणि एकच गोष्ट विचारली.

"साहेब, इतवारच्या पाचच्या आंदर सुटीन का मी?"

मला अर्थ लागायला वेळ लागला नाही. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की आपोआप निलंबित धरला जातो. कोणी हुकूम काढो न काढो. हा नियम मलाही पाठ होता आणि त्यालाही. दवाखान्यातल्या एका कंपाउंडरचं असंच झालेलं त्यानं पाहिलं होतं. तो माणूस निलंबित असतानाच रिटायर झाला आणि त्याला कोणी निरोप दिला नाही. गेटातून एकटा, डबा घेऊन निघून गेला. म्हाताऱ्याला नेमकं तेच नको होतं. त्यानं दवाखान्यात एकतीस वर्षं काढली होती. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी खांद्यावर शाल टाकावी, बायको-लेकीनं समोर बसून ते बघावं, एवढं त्याचं मागणं होतं. पेन्शनचंही अडणार होतं, पण तो बोलला ते शालीचंच. मी म्हणालो, बघू, कोर्ट काय म्हणतं.

शनिवारी सकाळी कृषी अधिकारी बाईंचा फोन आला. घरी जाऊन त्यांनी फिर्यादीची प्रत वाचली होती.

"ते पर्यावरणाचं कलम मी दिलं नव्हतं. ते कुठून आलं?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. मी काचेखालच्या तक्त्याकडे पाहिलं. पाच वर्षं. रेघेच्या पलीकडे. ते कलम नसतं तर गुन्हा अदखलपात्र होता, त्याला धरायचाच अधिकार नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी तो घरी गेला असता. मी फोनवर म्हणालो, "तपासात लागतं ते, मॅडम." त्या बरं म्हणाल्या. सव्वीस वर्षांच्या रायटरला नवी बाई काय उलट बोलणार?

अजून वेळ होता. चुकून लागलेलं कलम कमी करतो, असा एका पानाचा अहवाल साहेबांच्या सहीनं कोर्टात दिला असता तर दुपारपर्यंत तो बाहेर असता. मी तो टाईपही केला. प्रिंट काढला, सहीच्या जागी फुली मारली. कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. पेपरात बातमी आली होती, 'चोर बीटी बाळगणारा गजाआड', आणि माझी उभी केलेली पाकिटं फोटोत छान दिसत होती. साहेब फोनवर कोणाचं तरी कौतुक ऐकून घेत होते. वाईट माणूस नव्हता तो. मी सांगितलं असतं तर चिडला असता, मला दोन शब्द बोलला असता आणि सही करून मोकळा झाला असता. फोन ठेवून त्यांनी विचारलं, काय आहे?

मी रिमांडचे कागद पुढं केले आणि तो एक कागद घडी करून खिशात घातला.

का, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय, आणि उत्तर दर वेळी तेच येतं. पुढच्या दोनेक महिन्यांत सहायक फौजदाराच्या बढतीची यादी लागणार होती आणि माझं नाव त्यात होतं. चुकीच्या कलमाखाली सरकारी नोकराला अटक, अशी नोंद माझ्या सेवापुस्तकात झाली असती तर नाव कापलं गेलं असतं. हे एक. दुसरं याहून हलकं आहे. सबंध ठाणं कलम विचारायला माझ्याकडे यायचं. मी चुकलो हे त्या लोकांसमोर म्हणायला माझी जीभ उचलेना. वर मी मनाची समजूत घातली की कलम तसं अगदीच खोटं नाही, त्या बियाण्याला परवानगी नाहीच ना? कायद्यात आपल्याला हवं ते सापडतं. शोधणारा मात्र माझ्यासारखा सरावलेला पाहिजे.

कोर्टाला सुट्टी होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी काम पाहणाऱ्या मॅजिस्ट्रेटांपुढं त्याला उभं केलं. कागद घेऊन मीच होतो. वकिलानं जामिनाचा अर्ज दिला. अर्जावर सरकारी वकिलाचं म्हणणं यावं लागतं, आणि सरकारी वकील सोमवारी येणार होते. मॅजिस्ट्रेटांनी कागद उलटे-सुलटे केले, कलम पाहिलं, सोमवार लिहिलं. त्यांची काही चूक नव्हती. गुन्हा अजामीनपात्र असल्याचं मीच ठळक करून दिलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर त्याची बायको बसली होती. तिनं मला वर बघून विचारलं नाही, खाली बघूनच बोलली.

"बियाणं म्याच आणाले लावलं, साहेब. माह्ये गुडघे गेले. निंदाले बाया भेटत नाई. ते तं नाईच म्हणत होते, सरकारी मानसानं असं आणू नोये म्हणे. मले ठेवा ना आतमधी, त्याईले जाऊ द्या."

मी म्हणालो, असं चालत नाही, बाई. कायद्याचं मला सगळं माहीत होतं. खिशातला कागद मांडीला टोचत होता. मी तिला चहा पाजला. तिनं अर्धाच घेतला, अर्धा भरलेला कप तसाच पायरीवर ठेवून ती बसची वेळ विचारायला गेली.

संध्याकाळी त्याला बुलढाण्याच्या जेलला पोचवायला गाडी गेली. मी सोबत गेलो नाही. रविवार सुट्टीचा होता, मी क्वार्टरवर होतो. चारपासून घड्याळाकडे बघत होतो. बायकोनं विचारलं, कुठं जायचंय का? मी नाही म्हणालो. पाच वाजले, पाच वाजून दहा झाले, शेजारच्या क्वार्टरमध्ये कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. मी उठलो आणि पँटच्या खिशातून तो कागद काढून चुलीत घातला.

सोमवारी त्याला जामीन मिळाला. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात निलंबनाचा कागद आला. ऑगस्टमध्ये बढतीची यादी लागली आणि माझ्या खांद्यावर तारा आला.

खटल्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. पाकिटं तपासणीला गेली, अहवाल काही केल्या येईना, तारखा पडत राहिल्या. मधल्या काळात दिल्लीत कायदा बदलला आणि पर्यावरणाच्या त्या कलमातला तुरुंगच काढून टाकला. आता तिथं नुसता दंड आहे. फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदाही गेला आणि त्याच्याबरोबर माझा तक्ताही. जुन्या खटल्यांना जुनंच कलम, म्हणून म्हाताऱ्याचा खटला चालूच राहिला. शेवटी, पाकिटांवरचं सील नीट नव्हतं म्हणून तो निर्दोष सुटला. पेन्शनचा पूर्ण कागद निघाला तेव्हा तो खाटेवर होता, लेकीनं कागद वाचून दाखवला म्हणे. मी तोवर रिटायर होऊन देऊळगाव राजाला परत आलो होतो. मला हे फोनवरून कळलं.

पण मला छळतं ते वेगळंच. जामीन देताना कोर्टानं अट घातली होती की दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत त्यानं दर सोमवारी दहा ते बारामध्ये ठाण्यात हजेरी लावायची. अहवालाशिवाय दोषारोपपत्र अडलेलं, म्हणून ही हजेरी महिन्यांमागून महिने चालली. हजेरीचं रजिस्टर माझ्या टेबलावर असायचं. तो दहाच्या आधीच यायचा, चपला बाहेर काढायचा, सही करायचा आणि निघून जायच्या ऐवजी इकडंतिकडं बघत उभा राहायचा. मग माठात पाणी नाही असं दिसलं की भरून आणायचा. खुर्च्या पुसायचा. एकतीस वर्षांची सवय, रिकाम्या हातानं सरकारी इमारतीत त्याला उभं राहवत नव्हतं. शिपाई लोकांना ते सोयीचं झालं. काही दिवसांनी ते सोमवारी झाडू मारीनासे झाले, भाऊ येतीलच म्हणून. मी त्याला एकदाही थांबवलं नाही. थांबवायचं तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी तो आला तेव्हा मी विचारलं, झालात का रिटायर? हाव, म्हणाला. निलंबित माणसाचा कार्यक्रम ऑफिसात करता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टरांनाही वाईट वाटलं, असं तोच मला समजावून सांगत होता. संध्याकाळी दोन नर्सबाया घरी येऊन नारळ देऊन गेल्या. त्यानं त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घातले होते, पण कोणी येईल म्हणून नाही, तारीख होती म्हणून. एवढं सांगून तो माठाकडे गेला.

माझा शेवटचा दिवस जानेवारीत आला, आणि सोमवारी आला. साहेबांनी कार्यक्रम हौसेनं ठेवला होता. मंडप नको म्हटलं होतं तरी अंगणात कापड बांधलं. बायको, मुलगा, सून पहिल्या रांगेत. शाल, श्रीफळ, हार ताटात मांडलेले, आणि ताट धरायचा शिपाई ऐनवेळी समन्स बजावायला गेलेला. कोणीतरी म्हणालं, भाऊ आहेत की. हजेरीला आलेल्या त्या म्हाताऱ्याच्या हातात ताट दिलं. त्यानं ते बरोबर छातीच्या उंचीवर धरलं. शालीची घडी साहेबांना एका झटक्यात उलगडता येईल अशी फिरवून ठेवली. हार आधी, मग शाल, मग नारळ, हे साहेबांना डोळ्यांनी सुचवलं. साहेबांनी भाषणात सांगितलं की इतक्या वर्षांत या माणसाच्या कागदावर कोर्टानं एक ताशेरा मारला नाही. टाळ्या झाल्या. दोन्ही हातांत ताट असल्यामुळं त्याला टाळ्या वाजवता आल्या नाहीत, म्हणून तो मान हलवत होता.

पेढे वाटून झाले, लोक पांगले. घरचे लोक गाडीत सामान ठेवत होते. मी टेबलावरची काच पुसून घेत होतो तेव्हा तो रजिस्टरात सही करायला आला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ते बघूनच मी बोललो, हेही सांगून टाकतो. खांद्यावर शाल होती, सेवापुस्तक बंद झालं होतं, आता माझं कोणी काही करणार नव्हतं. तरी मी दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणालो की ते पाच वर्षांचं कलम चुकून पडलं होतं, दुसऱ्या गुन्ह्यातून आलं होतं. माझ्या हातून आलं होतं. शनिवारी सकाळीच मला कळलं होतं.

त्यानं पेन टेबलावर ठेवला, परत उचलला. रागावेल असं मला वाटलं, आणि रागवावं असंही वाटत होतं.

"मंग शनवारीच कोनाले सांगतलं असतं तं," तो म्हणाला, "इतवारच्या पाचच्या आंदर सुटलो असतो का मी?"

"हो," मी म्हणालो. "दुपारीच."

त्यानं मान हलवली, भाषणाच्या वेळी हलवली होती तशीच. रजिस्टर स्वतःकडे ओढून सही केली आणि तारीख घातली. माझ्या खांद्यावरून शाल एका बाजूला घसरली होती. त्यानं ती वर ओढून सारखी केली. मग विचारलं, "पुढच्या सोमवारी सही कोनापाशी करू?"

मी नव्या रायटरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.